बॉयलर बसवायला येणारा माणूस : साध्या कामातून संशोधनाचा प्रश्न कसा सापडतो

पेट किंवा नेट पास झाल्यावर पहिली अडचण येते ती विषयाची. बरेच जण गाईडकडे भलामोठा विषय घेऊन जातात. 'तंत्रज्ञान आणि आधुनिकता', 'औद्योगिकीकरण आणि समाज' वगैरे. गाईड शांतपणे विचारतात, "यात तुमचा प्रश्न काय?" आणि तिथे गाडी अडते. विषय हातात असतो, प्रश्न नसतो.

माझं काम घरगुती तंत्रज्ञानाच्या इतिहासावर आहे. त्यामुळे आज तुम्हाला उलट्या दिशेनं घेऊन जातो. एक अगदी साधं, खरं तर कंटाळवाणं वाटणारं काम घेऊ : ब्रिटनमधल्या एका घरात जुना बॉयलर काढून नवा बसवणं. हे काम तिथे रोज हजारो घरांत चालतं, त्यात कुणाला इतिहास दिसत नाही. पण त्याच्या मागे गेलात तर एका मोठ्या प्रश्नापाशी पोचता : आपल्या घरातल्या धोकादायक वस्तूला हात लावायला कुठल्या परक्या माणसाला आत घ्यायचं, हे कोण ठरवतं?

आधी दोन शब्द

बॉयलर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येतो. दसऱ्याच्या सुमारास होणारा 'बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ' तुम्ही पेपरात वाचला असेल. तो वाफेचा, प्रचंड दाबाचा बॉयलर. त्याच्यासाठी आपल्याकडे १९२३ पासून स्वतंत्र कायदा होता. ब्रिटिश घरातला बॉयलर म्हणजे भिंतीवर टांगलेली एक पांढरी पेटी, स्वयंपाकघरातल्या कपाटाएवढी. आत गॅस जळतो, पाणी तापतं आणि ते पाईपांमधून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. त्यानं घर ऊबदार राहतं आणि नळालाही गरम पाणी येतं. नाव बॉयलर असलं तरी पाणी उकळत नाही. तो आपल्या तांब्याच्या बंबाचा लांबचा भाऊ आहे असं समजा.

दुसरा शब्द 'इंजिनिअर'. तिथे 'गॅस इंजिनिअर' म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेला पदवीधर नव्हे. आपण ज्याला फिटर किंवा मिस्त्री म्हणू तो माणूस, पण रीतसर परीक्षा देऊन कार्ड मिळवलेला. पूर्वी त्याला 'गॅस फिटर' म्हणत. १९७० साली नोंदणीसाठी संस्था निघाली तेव्हा तिच्या नावात 'इन्स्टॉलर' हा शब्द आला. आज ग्राहक आणि नोंदणी संस्था दोघंही 'इंजिनिअर' म्हणतात. शब्द बदलतात तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे माणसाचं स्थानही बदललेलं असतं. हे टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

काम काय असतं?

आधी तो घर बघायला येतो. खोल्या किती, बाथरूम किती, भिंती आणि खिडक्या कशा, पाण्याचा दाब किती हे पाहतो. त्यावरून टाकीशिवाय चालणारा 'कॉम्बी' बॉयलर पुरेल की गरम पाण्याची वेगळी टाकी लागेल हे ठरतं. मग धुराडं कुठून बाहेर काढायचं ते बघतो. शेजाऱ्याच्या खिडकीजवळ ते चालत नाही, त्याला ठरावीक अंतरं पाळावी लागतात.

बसवायच्या दिवशी जुना बॉयलर उतरवून आधी रेडिएटरच्या पाईपांतला वर्षानुवर्षांचा काळा गाळ धुऊन काढतात. गाळाचे लोखंडी कण पकडण्यासाठी चुंबकाचं फिल्टर लावतात. नंतर नवी पेटी टांगायची, पाईप जोडायचे, गॅसची गळती नाही ना याची चाचणी करायची. शेवटी बॉयलर चालू करून एक यंत्र धुराड्याला लावतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते त्यावर दिसतं.

हे शेवटचं मोजमाप इंजिनिअरच्या मर्जीवर सोडलेलं नाही. ब्रिटनच्या १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांतल्या २६ व्या नियमात लिहिलं आहे की गॅसच्या उपकरणावर काम केल्यावर चार गोष्टी तपासल्याच पाहिजेत : धूर नीट बाहेर जातो का, ज्वलनाला पुरेशी हवा मिळते का, गॅसचा दाब किंवा उष्णतेचं प्रमाण बरोबर आहे का आणि उपकरण सुरक्षित चालतं का.

कागद काय सांगतो?

माणूस निघून जातो, कागद मागे राहतात. बॉयलरच्या पुस्तिकेत एक तक्ता असतो. त्यात त्यानं मोजलेले आकडे, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक भरलेला असतो. काही दिवसांनी घरमालकाला एक प्रमाणपत्र मिळतं, की काम इमारतीच्या नियमांप्रमाणे झालं असून स्थानिक प्रशासनाला तसं कळवलं आहे. घर विकताना वकील हे प्रमाणपत्र मागतात.

आता संशोधकाच्या नजरेनं हा कागद बघा. आपण सहसा कागदावर काय लिहिलंय तेवढंच वाचतो. त्याऐवजी विचारा : या कागदावर हा रकाना का आहे? कुणी, केव्हा घातला? तो नव्हता तेव्हा लोक काय करत होते? प्रत्येक रकाना म्हणजे कुठल्या तरी जुन्या भांडणाचं किंवा अपघाताचं उत्तर असतं. 'नोंदणी क्रमांक' हा एकच रकाना धरून मागे जाऊ.

तारखा मांडून बघू

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये घराघरात ऊब होती असं समजू नका. १९५१ च्या जनगणनेत एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांकडे अंघोळीचा पक्का टब नव्हता. घर तापवायचं म्हणजे शेकोटीत कोळसा जाळायचा. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धूर आणि धुक्याची जाड चादर पसरली, हजारो माणसं दगावली आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला. कोळशाला पर्याय शोधणं भाग पडलं.

गॅस होताच, पण तो कोळशापासून बनवलेला 'टाऊन गॅस' होता. त्यात मुळातच कार्बन मोनॉक्साइड असे. म्हणजे न जळता गळला तरी विषारी. १ मे १९४९ रोजी हजाराहून अधिक खासगी आणि नगरपालिकांच्या गॅस कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन १२ प्रादेशिक गॅस बोर्डं झाली. तुमच्या गॅस शेगडीची तक्रार असली की बहुधा बोर्डाचा गणवेश घातलेला माणूस येई. तो कोण, कुठे शिकला, चूक झाली तर जाब कुणाला विचारायचा, हे सगळं त्या गणवेशातच आलं.

१९६५ साली उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ पासून तो किनाऱ्यावर येऊ लागला. हा वायू वेगळा होता. त्यात मिथेन मुख्य, जळायची पद्धत निराळी, जुने बर्नर त्याला चालेनात. मग १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशातल्या गॅस वापरणाऱ्या प्रत्येक घरात माणसं गेली आणि प्रत्येक उपकरण बदललं किंवा दुरुस्त केलं. सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहक होते. एकेक मोहल्ला ठरवून, गॅस बंद करून, दारोदार जाऊन हे केलं गेलं. नवा वायू स्वतः विषारी नव्हता, पण हवा कमी पडली किंवा धुराडं तुंबलं तर जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतोच. म्हणजे धोका संपला नाही, त्याची जागा बदलली. पूर्वी तो पाईपमध्ये होता, आता उपकरण कसं बसवलंय यावर येऊन ठेपला.

हे बदलाचं काम चालू असतानाच १६ मे १९६८ ची पहाट आली. पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली इमारतीत लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. भिंत उडाली आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. ४ जण गेले, १७ जखमी झाले. काडी ओढणाऱ्या बाई स्वतः वाचल्या.

स्थापत्याचे विद्यार्थी ही घटना अजूनही शिकतात, पण ती भिंतींच्या जोडणीसाठी. आपल्याला बघायचं आहे ते चौकशी अहवालातलं एक लहानसं पितळी नट. गॅसच्या शेगडीची नळी ज्या नटानं जोडली होती ते हलक्या प्रतीचं होतं. आणि शेगडी जोडून दिली होती ती ओळखीच्या एका माणसानं, मदत म्हणून. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

दोन वर्षांनी, १९७० साली, गॅस बसवणाऱ्यांची नोंद ठेवणारी 'कॉर्गी' ही संस्था सुरू झाली. १९७२ साली गॅस सुरक्षेचे नियम आले. व्यवसाय म्हणून गॅसचं काम करणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी सक्तीची झाली ती १९९१ साली. १ एप्रिल २००९ पासून कॉर्गीची जागा 'गॅस सेफ रजिस्टर'नं घेतली आणि आज त्यात लाखाहून अधिक इंजिनिअर आहेत.

तेवीस वर्षं कुठे गेली?

इथे थांबा. वर्तमानपत्री इतिहास सांगतो : अपघात झाला, म्हणून कायदा आला. पण तारखा वहीत एकाखाली एक लिहिल्या तर मेळ बसत नाही. स्फोट १९६८ चा, सक्ती १९९१ ची. मध्ये २३ वर्षं. १९७० ची नोंदणी ऐच्छिक होती, ज्याला वाटेल त्यानं करावी. अपघातानं कायदा आणला असेल तर तो इतका उशिरा का?

संशोधनाचा प्रश्न असा सापडतो. दोन तारखा जिथे जुळत नाहीत तिथे खणायचं. सध्या तरी तीन उत्तरं संभवतात असं मला दिसतं.

पहिलं उत्तर, अपघाताचं. रोनन पॉइंटनं विचार सुरू केला, बाकी सरकारी दिरंगाई. हे पूर्ण खोटं नाही, पण दिरंगाई म्हणणं म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. इमारतींच्या मजबुतीचे नियम त्याच अपघातानंतर १९७० सालीच बदलले. मग तिथे दिरंगाई का झाली नाही?

दुसरं उत्तर, संख्येचं. १९७२ च्या सरकारी पाहणीत ३७ टक्के घरांत सेंट्रल हीटिंग होतं. शतक संपेपर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास गेलं. बॉयलर वाढले तसे बसवणारे वाढले, त्यांच्यावर देखरेख ठेवणं गरजेचं झालं.

तिसरं उत्तर, मालकीचं. १९७३ पासून सगळी बोर्डं मिळून 'ब्रिटिश गॅस' हे एकच सरकारी महामंडळ झालं होतं. १९८६ साली त्याचं खासगीकरण झालं. शेअर विकण्यासाठी केलेली 'सिडला सांगा' ही जाहिरात मोहीम ब्रिटनमध्ये अजून लोकांना आठवते. गणवेशामागचं सरकार गेलं. आता दारात उभा असलेला माणूस कुणाचा? सक्तीची नोंदणी यानंतर पाचच वर्षांत आली.

तिसरं उत्तर ऐकायला फार गोड वाटतं ना? म्हणूनच त्याच्यावर जास्त संशय घ्यायचा. त्याच्याविरुद्ध जाणारा पुरावा आपणच आधी शोधायचा. तो आहेही : खासगी प्लंबर आणि फिटर १९८६ च्या कितीतरी आधीपासून बॉयलर बसवत होते. १९७० साली कॉर्गी निघाली ती अशा माणसांसाठीच. म्हणजे 'आधी सगळं सरकारी, मग सगळं खासगी' ही मांडणी टिकत नाही.

माझं वाचन असं आहे. १९६८ नंतर धोका सगळ्यांना कळला होता, पण बोर्डाचा गणवेश हीच लोकांसाठी पुरेशी हमी होती. ज्याला हमी हवी तो बोर्डाकडे जाई, ज्याला स्वस्तात हवं तो बाहेर. गणवेशाची हमी सैल झाली आणि बाहेरच्यांची संख्याही वाढली, तेव्हा दुसऱ्या कशानं तरी ती जागा भरणं आलं. ती जागा कार्डानं भरली. म्हणून आज इंजिनिअरच्या खिशात फोटो आणि क्रमांक असलेलं कार्ड असतं आणि त्याच्या मागच्या बाजूला तो कुठली कामं करू शकतो याची यादी असते. बॉयलरचं काम येणाऱ्याला गॅस शेकोटीचं येतंच असं नाही, म्हणून मागची बाजूही बघायची असते. विश्वास संस्थेवरून माणसावर आला आणि तपासण्याची जबाबदारी घरमालकावर आली. हे वाचन चुकीचं आहे असं दाखवायचं असेल तर त्या काळातले संसदेतले वाद, सुरक्षा खात्याच्या फायली आणि फिटरांच्या संघटनांची मासिकं उघडावी लागतील. ब्रिटिश संसदेची भाषणं तर घरबसल्या मोफत वाचता येतात.

सोय कुणाची, निस्तरायचं कुणी?

कार्डावरचा माणूस फक्त सुरक्षेचा नाही, तो सरकारी धोरणाचाही शेवटचा हात झाला. १ एप्रिल २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नवा बॉयलर 'कंडेन्सिंग' प्रकारचाच असला पाहिजे असा नियम झाला, थोडे अपवाद सोडून. हा बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता वापरतो, त्यामुळे गॅस कमी लागतो. पण वाफेचं पाणी झालं की ते बाहेर सोडायला एक बारीक नळी लागते. डिसेंबर २०१० च्या कडाक्याच्या थंडीत घराबाहेरून नेलेल्या या नळ्या असंख्य ठिकाणी गोठल्या आणि ऐन हिवाळ्यात बॉयलर बंद पडले. नियम लंडनमध्ये ठरला होता, फोन मात्र गल्लीतल्या इंजिनिअरला आले. धोरणाचा इतिहास लिहिताना कायद्याच्या तारखेवर थांबू नका, तो पाना हातात धरणाऱ्यापर्यंत पोचल्यावर काय झालं तेही बघा.

आपल्याकडचा धागा

"हे सगळं ब्रिटनचं, आमचा काय संबंध?" असं वाटलं असेल. मग 'गीझर' हा शब्द घ्या. आइसलंडमधल्या गरम पाण्याच्या एका कारंज्याचं हे नाव. १८६८ साली लंडनमधल्या बेंजामिन मॉघन नावाच्या रंगाऱ्यानं गॅसवर लगेच पाणी तापवणारं यंत्र बनवलं आणि त्याला हे नाव दिलं. त्यात धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. ब्रिटनमध्ये आज पाणी तापवणाऱ्या यंत्राला सहसा कुणी गीझर म्हणत नाही, आपल्याकडे मात्र तोच शब्द घरोघरी राहिला.

आणि धोकाही राहिला. सिलिंडरवर चालणारा गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावल्यामुळे गुदमरून मृत्यू, अशा बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत हिवाळ्यात येत राहतात. ब्रिटनच्या नियमांत बाथरूममध्ये फक्त असंच गॅस उपकरण चालतं जे ज्वलनाची हवा बाहेरून घेतं आणि धूरही थेट बाहेर सोडतं, खोलीतल्या हवेशी त्याचा संबंध येत नाही. आता स्वतःच्या गावात विचारा : इथे गॅस गीझर कोण बसवतो? बहुतेक वेळा दुकानदारानं पाठवलेला माणूस किंवा ओळखीचा प्लंबर. कारखान्यातल्या बॉयलरला कायदा आणि इन्स्पेक्टर, बाथरूममधल्या गॅसला ओळख. हा फरक कसा पडला? मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले होते, म्हणजे इथेही गॅस फिटर दीडशे वर्षांपूर्वी होते. ते कुठून आले, कुणाकडे शिकले, पुढे काय झालं? कुणाला तरी यात पीएचडी आहे.

तुमच्यापैकी कुणी शिकायला ब्रिटनला जाणार असेल तर व्यवहाराची एक गोष्ट. भाड्याच्या घरातली गॅसची उपकरणं दर १२ महिन्यांनी नोंदणीकृत इंजिनिअरकडून तपासून घेणं घरमालकावर बंधनकारक आहे, आणि नव्या भाडेकरूला राहायला येण्याआधी त्याची प्रत मिळायला हवी. संकोच न करता मागा.

जुना प्रश्न, नवी पेटी

सध्या ब्रिटनमध्ये गॅस बॉयलर काढून विजेवर चालणारे हीट पंप लावावेत असा प्रयत्न चालू आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ पासून त्यासाठी अनुदान मिळतं, २०२३ च्या ऑक्टोबरपासून साडेसात हजार पौंड. तरीही काम रेंगाळतं. आता १९६७ ते १९७७ आठवा. तेव्हा एका संस्थेनं मोहल्ला ठरवला, माणसं शिकवली आणि दार वाजवलं. आज प्रत्येक घरमालकानं स्वतः माहिती काढायची, स्वतः इंजिनिअर शोधायचा, स्वतः अर्धे पैसे घालायचे आणि ज्याला फोन करायचा तो बहुधा आयुष्यभर गॅसचंच काम केलेला. तो जे सुचवेल तेच घरमालक बहुतेक वेळा करतो. दोन्ही काळांतला हा फरक तंत्रापेक्षा दार कोण वाजवतो याचा आहे.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. घरातला एक कागद काढा : गॅस जोडणीचं पुस्तक, मीटरची पावती, लिफ्टच्या तपासणीचा तक्ता, काहीही. त्यातला एकच रकाना निवडा आणि त्याची सुरुवात शोधा. मग संबंधित तारखा एकाखाली एक लिहा. जिथे मेळ बसणार नाही त्या जागेवर बोट ठेवून गाईडकडे जा. "यात तुमचा प्रश्न काय?" असं त्यांनी विचारलं, तर या वेळी तुमच्याकडे उत्तर असेल.